वेळनोंद, वळसंग

प्लास्टिकची खुर्ची, एक बॅटरी, दोन घड्याळं
(एकावर माझा विश्वास नाही)
आणि दोनशे पानी वही.
चोवीस तासांच्या शर्यतीत वळणावर कोण बसणार,
तर हत्तुरे मास्तर.
एकतीस वर्षं गिरणीच्या फाटकात
मी मिनिटं पकडली आहेत, उंदीर पकडावेत तशी.

दर दोन मिनिटांनी एकेकाला सोडलं सोलापुरातून.
कुणी कुणाच्या आडोशाला जायचं नाही,
वारा ज्याचा त्यानं खायचा.
एकोणीस नंबर: नरसम्मा म्याकल, वय त्रेचाळीस,
कुंभारीच्या विडी घरकुलातली.
सायकल डॉक्टर कोनापुरेंची, उसनी.
सीटवर सुतळीनं बांधलेला घडीचा टॉवेल.

सात सोळाला आली. वळली. गेली.
आठ एकोणपन्नास. दहा तेवीस.
दुपारी डांबर मऊ पडलं, टायरचे ठसे उठायला लागले,
तेव्हाही त्र्याण्णव मिनिटं, चौऱ्याण्णव, परत त्र्याण्णव.
पुण्याची महागड्या सायकलींची पोरं
लिंबाखाली आडवी होऊन मीठ चाटत होती.
ही पाणी प्यायची, शेंगाचटणी-भाकरीचा एक घास
गालात धरून निघायची.
'किती झालं ते सांगू नका ओ काका.'
मी सांगणार नव्हतोच. माझं काम लिहायचं.

आता कुणीतरी म्हणेलच,
धोट्यासारखी गेली-आली, इकडून तिकडं.
धोटा मी पाहिलाय. धोट्याला मांड्या नसतात.
रात्री अकराला ती वळताना कण्हली,
त्या आवाजाला मागावर जागा नाही.

तिची आई आमच्या रिळ खात्यात होती.
एका श्रावणात चार मिनिटं उशीर,
अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.
सही माझी.
नरसम्माला ठाऊक आहे की नाही
मी विचारलं नाही. घड्याळ पुसत बसलो.

तीन सव्वीसला यायला हवी होती.
तीन तीस.
उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, एकीलाही मागं दिवा नाही.
तीन चाळीस.
रिकाम्या रकान्यावर पेन टेकवून ठेवलं
आणि कागदावर शाईचा डाग मोठा होत गेला.
तीन एक्कावन्न: आधी ट्रॅक्टरची धडधड,
मग उजेडाच्या तोंडाशी ती, सावली लांबच लांब.
दिवा विझला होता तिचा.
कुणी अनोळखी गडी तिच्या मागं राहून
तिच्या पुढचा रस्ता उजळत आला होता.
'पुढं नव्हता ना ट्रॅक्टर?' मी विचारलं.
विचारावंच लागतं.
'मागंच होता.'
लिहिलं.
माझी बॅटरी तिच्या हँडलला करगोट्याच्या दोऱ्यानं बांधली
आणि पुढची पानं अंधारात, अंदाजानं भरली.
ओळी एकमेकींवर चढल्यात, आकडे बरोबर आहेत.

सहाला लुना काढली, खिशात खडू.
चोवीस तास जिथं संपतील
तिथंच पुढच्या चाकाखाली रेघ मारायची, असा नियम.
कुंभारीच्या अलीकडं गाठलं तिला.
झुंजुमुंजू. ओट्यांवर बायका सूप मांडीत घेऊन,
पानं कापणाऱ्या कात्र्या चालू.
कुणी टाळी वाजवली नाही, हात गुंतलेले.
एकीनं फक्त कात्री वर धरली.

सहा छत्तीस.
शिट्टी फुंकली, वाकलो, रेघ ओढली.
सहाशे अकरा किलोमीटर, चारशे मीटर.
तिच्या गल्लीचं तोंड चाळीस पावलं पुढं होतं.
अजून आठ-दहा सेकंद. कोण बघत होतं?
हात थरथरला माझा, रेघ मात्र सरळ आली.

रोज हजार विड्या वळणारी तिची बोटं
ब्रेकवरून सुटेनात.
शेजारणीनं एकेक करून सोडवली.
मग ती खाली बघत राहिली, खडूकडं, बराच वेळ.
'बरोबर हाय,' म्हणाली,
आणि सायकल हातात धरून
घराकडं चालत गेली.

ती चाळीस पावलं वहीत नाहीत.