कपडे कोण धुवायचं?

आधी आईने सड्याची चढण सोडली.
म्हणाली, गुडघे.
मग नळावरची कळशी,
मग रोझालिनशी बांगड्यांवरून घासाघीस :
भाव पाडताना मध्येच श्वासाला थांबावं लागतं,
आणि थांबलं की मासळीवाली जिंकते.
आम्ही हसलो होतो तेव्हा.

कोरडा खोकला
आम्ही बंदरातल्या कोळशाच्या नावे घातला.
उजव्या बरगडीखाली, म्हणायची,
दुखत नाही गो, कोणीतरी बसलंय नुसतं.

चवथीला माटोळी बांधताना तिने हात वर केला
आणि साबणाशिवाय कधी न उतरलेले काकण
सरळ कोपरापर्यंत घसरले.
पाहिलं मी ते.
पाहिलं, आणि सुपारीचा घोस पुढे केला.

बांबोळीला छातीतून पाणी काढलं.
दीड लिटर, आगळाच्या रंगाचं.
बाटलीवर चिकटपट्टी : जयवंती शाबा च्यारी.
डॉक्टरीण केप्याची, वयाने माझ्याहून लहान.
तिने तंबाखू विचारला, चूल विचारली,
मग विचारलं,
घरात कोणी बोटींवर कामाला होतं?

बाबा कोपऱ्यात रिकाम्या पिशवीची घडी घालत होते.
होतो की. वास्कोच्या गोदीत, सव्वीस वर्षं.
इंजिनाच्या खोलीतले पाइप.
जुनं पांढरं सोलून काढायचं, नवं गुंडाळायचं.
सांगताना हात हवेत फिरले,
एकसारखे वेढे, अजून.

तोंडाला काही बांधायचात?
पंचा. कधीमधी. उकडायचं फार.
घरी त्याच कपड्यांत यायचात?
त्याच.
कपडे कोण धुवायचं?

पिशवीची घडी अर्ध्यात राहिली.

विहिरीकडच्या फातरीपाशी
आई डांगरी आधी झटकायची,
लांब धरून, तोंड वळवून, तीनदा चारदा.
तेवढाच साबण वाचतो.
सकाळच्या उन्हात ते चमकायचं
आणि कुठे बसायचं
ते कधी कोणी बघितलं नाही.

मग मला का नाही झालं?
बाबांनी हे डॉक्टरणीला विचारलं नसावं,
भिंतीला विचारलं असावं.
तरी ती म्हणाली, सांगता येत नाही.
तीस-चाळीस वर्षं गप्प राहतं हे.

आईने डोळे उघडले.
यांनी पेज घेतली का गो?

रकाने भरता भरता
डॉक्टरणीचं पेन थांबलं,
माझ्याकडे वळलं.
बाबा कामावरून आले की
तुम्ही धावत जायचात का?