खल

शरीफाबादला बस थांबते तेव्हा
मामा हल्ली दारात उभा नसतो.
पावलांना उंबरठा कळत नाही त्याच्या,
बघून बघून टाकतो पाय,
शेजाऱ्याची काचेची बरणी परत करायला निघाल्यासारखा.

मी यज्दहून येताना दोन गोष्टी आणल्यात :
साखर मोजायच्या पट्ट्यांचा डबा,
आणि एक निकाल,
अजून कुणालाच न सांगितलेला.

आधी काम, मामा म्हणतो. खोदामोराद मोबद,
वय एकोणऐंशी, दाढीवर पांढरा पदर बांधलेला,
अग्नीला आपला श्वास लागू नये म्हणून.
पितळी खल पुढं ओढतो. काठाला पोचा आलाय,
कुणाच्या हातून कधी पडला, घरात दोन मतं आहेत.
खलात होमच्या काड्या,
शीरकूहच्या उतारावरच्या, पान नाही, फूल नाही,
नुसती पेरं. डाळिंबाची एक डहाळी.
पाणी.
मग बत्ता काठावर आपटतो
आणि खोलीभर ती जुनी किणकिण.

ह्याच काड्या मी प्रयोगशाळेत वाटल्या
विजेच्या यंत्रात, मंत्र न म्हणता.
माझं काम थोडक्यात सांगायचं तर
उंदरांना बहिरं करणं.
चरबी चारायची, चारत राहायची,
की हळूहळू स्नायू ऐकेनासे होतात.
इन्सुलिन येतं, दार वाजवतं,
आत माणसं असतात, दिवा असतो,
कुणी उठत नाही.
साखर रस्त्यावर उभी राहते ओझी घेऊन.
मग ह्या बहिऱ्यांना होमचा अर्क द्यायचा
आणि कान लावून बसायचं.

अठरा उंदीर. अकरा आठवडे.
मला हवं होतं तेच यावं, असं मला किती वाटत होतं
ते वहीत लिहायला रकाना नव्हता.

साखर वाढली, मामा.
मी बोलून टाकते.
उतरली नाही. वाढली.
पुन्हा केलं. पुन्हा वाढली.

बत्ता थांबत नाही.
'उंदरांना त्रास झाला?'
झाला.
'हं.'
बराच वेळ नुसतं पितळ बोलतं.
मग म्हणतो : 'तुझा आकडा खरा असणार, पूरान.
लहानपणीही तुला खोटी बेरीज जमायची नाही.
पण हे आम्ही साखरेसाठी कुठं कुटत होतो?'

मग कशासाठी?

तो विचार करतो. खरंच करतो,
धर्मग्रंथातलं तयार उत्तर हाताशी असून.
'पहाटे खल वाजला की गल्लीला कळायचं
कुणीतरी जागं आहे.
तेव्हा सत्तर घरं होती.'

त्याच्या पांढऱ्या मोज्याला नाण्याएवढं काळं भोक आहे.
मला आत्ता दिसतं.
मोजा काढते : खाली फोड, फुटलेली, दोन दिवसांची तरी.
निखारा पडला असेल, तो म्हणतो, कधी ते ठाऊक नाही.
साठ वर्षं अग्नी सांभाळलेला माणूस,
त्याच्या पायावर अग्नी येऊन बसला
आणि ह्याला कळलं नाही.

रागावते मी. मोठ्यानं. गाजाला, मोज्यांना, ह्या थंड फरशीला,
रोज रात्री चहात बुडवायच्या खडीसाखरेला.
तो पाय माझ्या मांडीवर ठेवून ऐकतो,
एखाद्या कर्मकांडाला बसावं तसा,
आणि शेवटी विचारतो, झालं?

त्याचं बोट टोचते. दोनशे चौदा.
'लिही,' म्हणतो. 'तारीख नीट लिही.
आज अमोरदाद. झाडापाल्याचा दिवस.'

उरलेला रस वाहत्या पाण्यात सोडायचा असतो.
पाटाकडं उतरायला एकोणतीस पायऱ्या,
मामाच्या पायांना त्या आता मोजता येत नाहीत,
म्हणून मी जाते, वाटी दोन्ही हातांत,
वाटीत हिरवट, कडू, माझ्या निकालानं बदनाम झालेलं पाणी.

वरून त्याचं म्हणणं ऐकू येतं, पुसट, न अडखळता.
मी वाटी कलती करते.
पाट ते घेतो, विचारत नाही कशासाठी,
आणि डाळिंबाच्या मुळांकडं निघतो.

खाली अंधार आहे.
मी उरलेली पायरी पायानं चाचपते,
गार लागते.
अजून लागते.