सेवण

जिल्हा कोर्टाच्या भिंतीला लागून
माझं टेबल आहे, छत्री आहे, बॅटरीवरचा प्रिंटर आहे.
उत्पन्नाचे दाखले, नावातले बदल,
हरवलेल्या गुणपत्रिका, सोडून गेलेले नवरे,
सगळं मी शंभराच्या स्टॅम्पावर बसवतो
डावीकडे दीड इंच समास सोडून.

त्या मे महिन्यात अकरा जण उतरले एकाच जीपमधून.
वेटलिफ्टिंगचा संघ. जीप उतरताना उसासली.
कोच म्हणाला, मजकूर एकच, नावं तेवढी बदला.
मी टाइप केलं:
'मी कोणत्याही उत्तेजक द्रव्याचे सेवण केलेले नाही.'

सेवण. ण.
कापडण्याच्या शाळेत मी 'पानी' म्हणालो म्हणून
गुरुजींनी पेरांवर रूळ मारला होता.
तेव्हापासून शंका आली की मी ण लावतो,
नको तिथेसुद्धा.
अकरा कागद, अकरा ण.
नोटरीसाहेब शेंगा सोलत होते.
शिक्के मारले. खरं आहे ना, असं विचारलं
बहुतेक शेंगांना.

प्रमिला भोये शेवटची.
पिंपळनेरच्या पुढे, शेलबारीच्या घाटाखालचं गाव.
जिनिंगच्या शेडमध्ये, गाठींच्या मागे सराव करायची,
नाकातोंडात रुई जायची,
खोकत खोकत पंच्याऐंशी किलो डोक्यावर न्यायची.
तिने कागद वाचला. वाचणारी ती एकटीच.
"दादा, हाई सेवण काय शे?"
कोच म्हणाला, सही कर.

पुढे गल्ली नंबर पाचमधल्या औषधांच्या दुकानात
डायरी सापडली. अकरा नावं, तारखा, मिलिग्रॅम,
कुणाची किती उधारी तेही.
तुम्हाला वाटेल, अकरा खटले.

एक तोवर भुसावळला रेल्वेत लागला होता,
त्याचे पेढे मीही खाल्ले.
एकाचे मामा कोण, ते मी टाइप करत नाही,
मला उद्याही याच भिंतीला टेबल लावायचंय.
दोन नावांवर चहा सांडला, वाचता येत नाहीत,
असा पंचनामा.
बाकीच्यांचं विचारलं
तर शिरस्तेदार पंख्याकडे बघतात.

खोटं प्रतिज्ञापत्र, कलम एकशे त्र्याण्णव,
एकटीवर.
आरोपपत्रात माझं वाक्य जसंच्या तसं
आणि पुढे कंसात: मुळाबरहुकूम.

मलाही बोलावलं साक्षीला.
ईश्वरसाक्ष खरे सांगेन, खोटे सांगणार नाही.
कागद तुम्ही टाइप केला? हो.
सही तुमच्यासमोर झाली? हो.
साहेब, तसेच आणखी दहा...
विचारलं तेवढंच बोला.
विचारलं तेवढंच बोललो.
चार मिनिटं लागली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.
बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो, तो गेला नाही घशाखाली.

शेवटच्या जबाबात ती म्हणाली, सुई घेतली.
कोच म्हणायचा ताकदीची आहे.
तिसऱ्या सुईला मला कळलं,
तरी घेतली, आणि सहीपण मीच केली.
मग पिंजऱ्याचा कठडा धरून,
बार धरावा तसा, दोन्ही हात लांब ठेवून,
"मंग त्या धा जन कोठे शेतस, साहेब?"

लघुलेखकाने हे उतरवून घेतलं नाही.
मी बघत होतो. त्याचे हात मांडीवर होते.

ती फाइल अजून माझ्या संगणकात आहे,
'खेळाडू' नावाने.
परवा सात नवी पोरं आली. कोच तोच.
म्हणाला, मजकूर आहे ना जुना?
मी उघडली. कर्सर ण पाशी नेला,
तो तिथे लुकलुकत राहिला.

तसाच ठेवला.
कधीकाळी कुणी सगळे कागद
एका टेबलावर शेजारी शेजारी मांडलेच,
तर कळावं, हात एकच होता.

आणि चाळीस रुपये घेतले,
प्रत्येकी.