वायसर

नाना पेठेत, माझ्या दुकानात,
गॅस्केटांच्या खोक्यामागे तीन पिल्लं निघाली.
आईची दोन रात्री वाट पाहिली, शटर वीतभर वर ठेवून.
तिसऱ्या दिवशी हेल्मेटात घालून
बिबवेवाडीला घरी आणली.
नावं दुकानातलीच : नट, बोल्ट,
आणि सगळ्यांत बारका,
डावा डोळा कायमचा मिटलेला,
तो वायसर.

घरात चिंगी होती.
नाव सतरा वर्षांपूर्वीचं, मुठीत मावायची तेव्हाचं.
आता पलंगावर चढायच्या आधी
मागचे पाय बराच वेळ हिशेब करतात.
दर रविवारी सलाईन,
मानेवरची सैल कातडी चिमटीत धरून.
तिने हेल्मेटात डोकावलं
आणि कुकरची शिट्टी होता होता राहते
तसा आवाज काढला.
मग सोफ्यामागे गेली. रात्री जेवली नाही.

डॉक्टर अत्तार म्हणाले, घाई नको.
पंधरा दिवस मध्ये दार.
आधी वास जाऊ दे, मग नजर,
समोरासमोर सगळ्यांत शेवटी.
शैला म्हणाली, आपल्या लग्नात
बरोबर उलटं केलं होतं सगळ्यांनी.

माझा जुना बनियन फाडून दोन तुकडे केले.
एक चिंगीच्या गालांवरून फिरवून पिल्लांच्या खोक्यात,
एक पिल्लांखालचा,
तिच्या ताटलीपासून चार फरश्या लांब.
रोज एक फरशी जवळ.
शेवटची फरशी उरली
त्या सकाळी ती शांतपणे आली
आणि त्यावर मुतून गेली.
पुन्हा चार फरश्या.

मग दार उघडायला लागलो, संध्याकाळी, दहा मिनिटं.
त्याआधी पिल्लांना दमवायचं :
क्लच केबलच्या टोकाला चिंधी,
आणि मी, पंचावन्न वर्षांचा माणूस,
हॉलमध्ये गोल गोल.
तरी बोल्ट तिच्या शेपटीवर झडप घालायचाच.
ती एक चापट द्यायची, नखं आत.
नखं आत आहेत ना, शैला म्हणायची,
म्हणजे बोलणी चालू आहेत.

दिवाळीच्या सुमारास चिंगी गुरगुरेनाशी झाली.
पिल्लं मागून धावत गेली तरी पडून राहायची.
निवळली हो, आम्ही जिन्यात सांगत सुटलो,
जगदाळे वहिनींनी तर पेढे मागितले.
आणि एका दुपारी
चकलीचा डबा ओट्यावरून खाली आला.
पिल्लं तीन दिशांना उडाली.
चिंगीचा कानसुद्धा हलला नाही.

अत्तारांनी तिच्या मागे उभं राहून टाळी वाजवली.
परत एकदा.
मग चष्मा पुसत बसले.

म्हणजे ती समजूत नव्हती.
पेढे वाटून झाले होते.

तेव्हापासून तिच्याजवळ जाताना
आम्ही टाचेने फरशी ठोकतो.
पिल्लांना हे कसं शिकवणार?
ती मागून आदळतात, ती दचकते, नखं बाहेर,
आणि बोल्टच्या नाकावर आता एक रेघ आहे.

वायसरचं वेगळं.
त्याला एकाच डोळ्याचं जग,
म्हणून तो कशावरही झडप घालत नाही.
आधी थांबतो, मान तिरकी करतो,
समोरून, हळू, अंदाज घेत येतो.
तिला तो येताना दिसतो.
एवढंच.

वायसर कशाला हवा, गिऱ्हाईक कधी विचारत नाही.
मोजून देतो, खिशात घालतात, जातात.
मीही तीस वर्षं नुसते मोजलेच.

काल रात्री तो तिच्यासमोर येऊन बसला.
तिने पंजा उचलला. शैलाने माझा हात धरला.
पंजा त्याच्या डोक्यावर टेकला, थोडा दाबला,
बसलंय का घट्ट, हे पाहावं तसा.
चाटलं वगैरे नाही.

तिकडे नट तिच्या ताटलीतलं खात होता.
शैलाने टाच ठोकली.
चिंगीने मान वळवली, नटकडे पाहिलं,
ताटलीकडे पाहिलं,
आणि पंजा होता तिथेच राहू दिला.