कोपऱ्यातला जानेवारी

साखर पेठेत, पत्र्याखालच्या खोलीत,
कूलरला दुसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा
पडद्यावर तिसऱ्यांदा तेच वाक्य आलं:
तुमचे कनेक्शन खाजगी नाही.

मला हसूच आलं.
या बोळात कुणाचं काय खाजगी आहे?
कुडक्यालांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो,
आमची भांडणं त्यांना पाठ.

पण वीजबिलाची उद्या शेवटची तारीख,
आणि बँक उघडेना, मेल उघडेना,
क्रिकेटचा स्कोअरसुद्धा
लाल त्रिकोण होऊन दारात आडवा.
जुनं सगळं पुसलं. ब्राउझर काढला, परत घातला.
राउटरची वायर उपटून शंभरपर्यंत आकडे म्हटले.
पुण्याहून अंबादास फोनवर म्हणाला,
"इशारेच बंद करून टाक बे, कटकट नको.
सेटिंगमध्ये जा, मी सांगतो."

माउस तिथवर गेलाही होता.

मागे खाटेवर नायना.
चाळीस वर्षं जॉबर, मागांचे डॉक्टर,
कॉम्प्युटरला अजून टीव्ही म्हणणारे.
"काय बंद करलालास?"
सांगितलं, जमेल तसं.
ते उठून बसले.

"ताण्याच्या एकेका धाग्याला पिन असते.
धागा तुटला, पिन पडली, माग थांबला.
मल्लेशीला थांबणं परवडत नव्हतं, पीसवर पगार.
त्यानं एका रात्री पिना सुतळीनं वर बांधल्या.
माग काय, धडधडला उजाडेपर्यंत.
सकाळी चादरीवर मोर होते.
त्यांना माना नव्हत्या."

पाणी प्यायले. मग,
"एक धागा तुटलाय का सगळे?"
"सगळे."
"मग सूत कशाला तपासतोस?
सगळे एकदम तुटले तर खोट मागात असती, बघ की."

बराच वेळ मला काही सुचलं नाही.
त्यांनीच चष्मा पुसला, वाकले,
आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बोट टेकवलं,
जिथं मी कधीच बघत नाही:
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

बाहेर त्रेचाळीस डिग्री,
पत्र्यावर आंब्याच्या कोयी वाळलेल्या,
आणि आमचा डबा गड्ड्याच्या थंडीत बसलेला.
जगानं पुढे केलेला प्रत्येक दाखला
त्याच्या लेखी अजून जन्मायचा होता,
म्हणून तो कुणालाच आत घेत नव्हता.
अगदी प्रामाणिकपणे.

नवी पेठेत चाळीस रुपयांना सेल मिळाला,
नाण्याएवढा.
पेटी उघडली तर आत धूळ नव्हती, सूत होतं,
समोरच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं उडून आलेलं.
जुना सेल नखानं उचकटला.
दुधाच्या खुणा केलेल्या कॅलेंडरवरून
नायनांनी तारीख वाचली, मी टाइप केली.
बँकेच्या नावाशेजारी छोटं कुलूप आलं
आणि दार उघडलं.

रात्री लाइट गेली. बिल भरूनही.
बोळात खाटा टाकल्या.
"तो सेल आत मोजलालाय ना आता?"
"हो."
"अंधारात?"
"हो, नायना."
ते कुशीवर वळले.
"मल्लेशीला तेव्हा कुणीतरी..." म्हणाले,
आणि पुढचं काही म्हणाले नाहीत.