बाटलीचं झाकण

चोपड्यात, यावल रोडवरच्या केळीरोपांच्या लॅबमध्ये
एकच कॉम्प्युटर, देवरे सरांच्या काळातला.
त्याच्या पोटात सरांचाच एक प्रोग्राम:
दर दहा मिनिटांनी वाढखोलीचं तापमान वाचायचं,
अठ्ठावीसच्या वर गेलं की भोंगा.
सर धुळ्याला गेले.
प्रोग्राम राहिला, जुन्या लायब्ररीवर,
घडी बसलेल्या गादीवर निजल्यासारखा.

मी आले ती लेबलं छापायला.
माझ्या लेबलांना नवी लायब्ररी हवी होती.
टाकली.
लेबलं फक्कड निघाली, तारखेसकट, तुकडी एकोणीस.
आणि त्या रात्री एसी बंद पडला
तेव्हा भोंगा वाजला नाही.

मे महिना. सकाळी दार उघडलं तर आत तेहेतीस.
मला कुणी बोललं नाही.
कोकिळाबाईंनी एकेक बाटली उजेडात धरली,
जेलीवर पांढरी साय दिसली की डावीकडे ठेवली.
डावीकडचं टेबल भरलं. मग खाली फरशी.

आज रविवार. मी, आणि टर्मिनलचा काळा चौकोन.
एक हत्यार आहे, माउसला न ओळखणारं,
एका ओळीच्या हुकमावर वेगळी खोली बांधून देतं:
तिचा दुभाषा वेगळा, तिची मांडणी वेगळी,
शेजारच्या चुलीचा धूर आत येत नाही.
पण आधी त्याला वळण लावावं लागतं.

म्हणून ती लपलेली फाइल उघडली,
नावाआधी टिंब लावून बुजऱ्यासारखी बसलेली.
लिहिलं:
सगळ्या खोल्या या एकाच आवारात बांध,
वाटेल तिथे नको.
बाहेरच्या घरातलं सामान आत दिसू देऊ नको,
मी मागितलं तरी.
दुभाषा कोणता ते मी सांगेन, तू अंदाज करू नको.
आणि ज्या खोलीत मी असेन
तिचं नाव ओळीच्या सुरुवातीला कंसात दाखव,
मला विसरायला होतं.

एक अवतरणचिन्ह मिटायचं राहिलं.
त्याला वाटलं, बाईंचं बोलणं अजून संपलेलं नाही.
ते वाट बघत बसलं. मीही बसले.
पाऊण तास गेला त्या दोन टिकल्यांपायी.

कोकिळाबाई रविवारीही येतात, बाटल्या धुवायला.
“हाई काय करी ऱ्हायनी वं?”
सांगितलं, जमेल तसं:
दोन प्रोग्राम, एकाला जुनं लागतं, एकाला नवं,
एका घरात पटत नाही.
ओल्या हातांनी त्या स्क्रीनपर्यंत वाकल्या.
“मंग हाई बाटलीच शे ना.
तोंड पह्यले दिवावर धर, मंग झाकन लाव.”

माझ्याकडे दिवा नव्हता.
यादी केली. सरांच्या प्रोग्रामला काय काय लागतं,
प्रत्येक नावापुढे आकडा, पूर्णविरामांसकट.
काही नावं अशी की आता त्यांना
सांभाळणारंही कुणी उरलेलं नाही.

हुकूम दिला.
बराच वेळ काही झालं नाही.
मग डावीकडे कंस उगवला, कंसात देवरे.
सव्वीस पूर्णांक चार, त्याने वाचलं.
सेन्सर मुठीत धरला, घट्ट,
सत्तावीस, सत्तावीस, अठ्ठावीस पूर्णांक एक,
आणि भोंगा असा कोकलला
की बाहेर हिरव्या जाळीखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

दुसऱ्या खोलीत लेबलं. तीही छापली गेली.
दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

कोकिळाबाई दारात थांबल्या होत्या.
“अन त्याले भाईर कव्हय काढशी?”
बाटलीतलं रोप दोन महिन्यांनी धुऊन,
ट्रेमधल्या मातीत, जाळीखाली जातं,
थोडी मरतात, बाकीच्यांना पान फुटतं,
हे त्यांनीच मला शिकवलेलं.

म्हटलं, याला नाही काढायचं. हा आतच राहील.

त्यांनी कंसातल्या नावाकडे जरा वेळ पाहिलं.
“वाढाव नही मंग तो,” म्हणाल्या,
आणि फरशीवरच्या बाटल्या
टोपलीत भरायला लागल्या.