रुपया एक, आणे चार

इतिहासात एम. ए. म्हटल्यावर
भांडुपच्या काकांनी बशी खाली ठेवली
आणि विचारलं, "मग बँकेचा फॉर्म कधी भरतेयस?"

कलिन्याला आम्ही तेरा जण होतो. दुसऱ्या वर्षी नऊ.
शबिना नाखवा आता शाळेत शिकवते,
पोरे विमा विकतो, सनावळ्या अजून तोंडपाठ.
मेंडोन्सा मॅडम म्हणायच्या,
कागद खोटं बोलत असेल तर बोलू द्या,
मध्येच तोडू नका.
तो कुणाशी बोलतोय, तेवढं बघा.

मी शनिवारचा मोडीचा वर्ग केला.
आधी आडवी रेघ ओढायची पानभर,
मग अक्षरं तिला लटकवायची
दोरीवर बोंबील घालावेत तशी.

बोरिवलीला तहसील कचेरीसमोर
झेरॉक्सवाल्याच्या मागे माझं टेबल.
पानाला दोनशे रुपये.
वाटण्या, गहाणखतं, एकदा एक प्रेमपत्र
(त्याचे पैसे घेतले नाहीत).

नागूबाई वैती मुलाला घेऊन आल्या.
दुधाच्या पिशवीत घडी, घडीवर हळदीचे डाग.
"आमचे खल्याची सनद हाय ही.
दर दसऱ्याला पुजतो."
मासळी सुकवायच्या खळ्याभोवती
गेल्या महिन्यात पत्रे लागलेत, निळे.

मी वाचलं. परत वाचलं. पाणी प्यायले.
साष्टी तालुका, शके अठराशे एकोणतीस.
विहिरीच्या पश्चिमेस, भरतीच्या रेषेपावेतो,
सरकारी जागेत विनापरवाना मासळी सुकत घातली
सबब दंड, रुपया एक, आणे चार.
पावलेत.

मुलगा हसला. वाईट हसला.
"म्हणजे तीन पिढ्या दंडाला हात जोडतोय आम्ही."
नागूबाई कागदाकडे बघत राहिल्या,
घरातलंच माणूस चोर निघावं तशा.

मला मॅडमचा आवाज आला, थोडा घोगरा.
कारकुनाला कुणाचा हक्क सिद्ध करायचा नव्हता.
त्याला सव्वा रुपया हवा होता.
तेवढ्यासाठी त्याने नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं,
विहीर लिहिली, भरतीची रेघ लिहिली.
जो तिथे नव्हताच
त्याला कोण दंड करतं?

हे मी सांगितलं. जरा जास्तच भरभर.
"कोर्टात टिकेल?" मुलाने विचारलं.
माहीत नाही, म्हटलं. वकिलाला विचारा.
भाषांतर लिहिलं, खाली सही केली,
सहीखाली पदवी. पहिल्यांदाच.

नागूबाईंनी शंभराच्या दोन नोटा
पदराच्या गाठीतून सोडवल्या.
"पैसा भरला व्हता ना आमी?"
भरला होता. पावती आहे.
"मंग तो भाडा झाला," त्या म्हणाल्या,
"दंड कसला?"

नऊ जणांच्या त्या वर्गात
हे कुणालाच सुचलं नसतं.
मी पेन उघडलं,
आणि समासात लिहून ठेवलं.